उसाच्या कांड्याचा ठसा

राहीबाईनं कोयत्यानं उसाचं कांडं नीट आडवं छाटलं, कुंकवाच्या पाण्यात बुडवलं आणि कार्डावर दाबलं. लाल गोल उमटला. आत बारीक ठिपके, कडेनं ओल.

"ह्यो बगा," ती म्हणाली.

महिला मंडळाच्या अध्यक्षा मनुबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. गावातले एकतीस जण फौजेत होते. त्यांना मंडळाकडून संक्रांतीची कार्डं जायची होती आणि त्यांवर कोणता ठसा मारायचा, ते आज शाळेच्या ओसरीवर ठरणार होतं. पहिला रबरी शिक्का मनुबाईंनी सांगलीहून करून आणलेला. जांभळ्या शाईत सुगड, खाली मंडळाचं नाव; दहादा मारा, दहाही सारखे. दुसरा जोतिबा सुताराचा, सागवानी. कोरलं झकास होतं, पण एका अंगाला शाई साचे आणि दुसरं अंग पुसट राही. तिसरा राहीबाईचा.

"रबरीच बेस," मनुबाई म्हणाल्या. "ह्ये उसाचं काय? नुसतं चिकाट. एकासारकं दुसरं न्हाई."

"आवं, पर पोरास्नी कळाय नगो का, घरनं आलंय म्हून? तुमचा शिक्का बगून कचेरीचा कागद वाटतूय."

"कारड काय खायाचं असतंय व्हय, राहीबाई?"

बायका हसल्या. तेवढ्यात तिसऱ्या कार्डावर एक मुंगी चढली.

"बगा, पाव्हणी आली!" मनुबाई म्हणाल्या, आणि हसू आणखी वाढलं.

राहीबाईच्या अंगाची लाही लाही झाली. का होऊ नये? तिला लिहिता येत नव्हतं. फौजेतल्या पोराला, मानसिंगला, पत्र धाडायचं तर कुणाच्या तरी मिनतवाऱ्या करून लिहून घ्यायचं, आणि त्यात तिचं म्हणून काही उरतच नसे. एकाहत्तरच्या लढाईनंतरची ही तिसरी संक्रांत, पोरगा अजून घरी आला नव्हता. लहानपणी सुगडातलं उसाचं कांडं पळवायचा आणि दरसाल मार खायचा. आता त्याला आईकडून जाणार काय, तर जांभळा शिक्का! आणि तोच शेजारच्या खाटेवरच्यालाही.

ठरलं ते रबरीच. वर राहीबाईला काम दिलं ते कार्डं घरी नेऊन पाकिटांत घालायचं आणि पाकिटं चिकटवायचं.

"त्याला लिवाय-वाचाय लागत न्हाई," मनुबाई म्हणाल्या. काम देतानाही माणसाला असं टोचायचं, ही कुठली रीत?

"द्या की," राहीबाई म्हणाली. उरलेलं कांडं तिनं लुगड्याच्या ओट्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी पोस्टात गेल्या. पोस्टमास्तरांनी गठ्ठा हातात घेतला आणि लगेच खाली ठेवून बोटं झटकली.

"बाई, मुंग्या हायत की ह्यात!"

मनुबाईंनी वळून राहीबाईकडं बघितलं. राहीबाईनं नजर खाली घातली नाही.

"एकतीसच्या एकतीस कारडांवर मारलाय ठसा, मागल्या अंगाला," ती म्हणाली. "आता काय करायचं त्ये करा."

मनुबाईंचं तोंड रागानं लाल झालं. फाडायलाच त्यांनी वरचं पाकीट उचललं. पत्ता त्यांच्याच अक्षरातला होता, त्यांच्या मालकांचा, सुभेदार सयाजींचा. त्या नावावरून मुंग्यांची रांग चालली होती. मनुबाई थांबल्या. पाकीट उलटं करून त्यांनी नाकाशी नेलं. गाळप चालू असताना सगळ्या शिवाराला येतो तोच वास, अगदी पुसट.

मग पाकीट त्यांनी जिथलं तिथं ठेवलं. पोस्टमास्तर फडकं घेऊन आले होते.

"झटकू नगा," मनुबाई म्हणाल्या. "जाऊ द्या त्यास्नीबी. गावच्याच हायत."