बाबांनी वाकवलेला पाइप

छोट्या साठी ओलांडून गेला होता, पोट सुटलं होतं, नातवंडं अंगाखांद्यावर खेळत होती. पण त्याची ताई त्याला अजून छोट्याच म्हणायची. इतर कुणाची तशी छाती नव्हती. माती उकरणाऱ्या अजस्र यंत्रांच्या दुरुस्तीत त्याची उभी हयात गेलेली. हाताखालची माणसं त्याच्या नुसत्या खाकरण्यानं पाना सरळ धरायची.

ताईचा फोन आला तेव्हा तो निवृत्तीला नुकताच कंटाळू लागला होता.

"छोट्या, माझा खांदा गेलाय. कुंड्या भरायला माती उचलवत नाही. बाबांच्या ट्रॅक्टरला पुढे बकेट बसवून देशील?"

"देईन की. त्यात काय!"

ताईची रोपवाटिका होती, आणि बाबांनी शेवटच्या काळात घेतलेला छोटासा ट्रॅक्टर तिथंच राबत होता. बुटका, रुंद चाकांचा, मालकिणीसारखाच हट्टी. मागची लिफ्ट नांगर-फळी उचलायची, तेलाच्या दाबावर चालणारं तेवढंच काय ते हायड्रॉलिक. आता पुढची बकेट उचलणारे सिलिंडर, तेलाची वाट वळवणारा एक जोड-वॉल्व्ह आणि रबरी होजची भेंडोळी घेऊन छोट्या एका सकाळी येऊन थडकला.

बकेटचा सांगाडा त्यानं जेवणाआधीच बसवला. खरं काम पुढे होतं. पंपातून निघणारं तेल आजवर थेट मागच्या लिफ्टकडे जायचं. ते आता आधी वॉल्व्हमध्ये न्यायचं, तिथून सिलिंडरना द्यायचं आणि उरलेलं लिफ्टला. म्हणजे पंपापासून निघणारा जुना लोखंडी पाइप काढावा लागणार होता.

तो पाइप बाबांनी केलेला. मूळचा गळायला लागला तेव्हा त्यांनी नवी नळी आणली, आत वाळू ठासून भरली, भट्टीवर तापवली आणि गुडघ्यावर फडकं टाकून वाकवली होती. छोट्या तेव्हा सुट्टीवर आलेला. "बाबा, तयार मिळतो हो," असं तो म्हणाला होता आणि बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं होतं.

आता पाना लावून तो उकिडवा बसला, पण नट काही फिरवेना. पाइप पंपातून निघून सरळ मागे जायला हवा होता. तसा तो जात नव्हता. पाय ठेवायच्या फळीजवळ तो बाहेर फुगायचा, खाली बुडी मारायचा आणि वळसा घालून परत वर यायचा.

"बाबांचा हात शेवटी शेवटी थरथरायचा, नाही का गं?" तो म्हणाला. "बघ ना, केवढा वाकडा झालाय."

ताई रोपांना पाणी घालत होती. झारी खाली ठेवून ती जवळ आली. "वाकडा कुठं? तिथं माझा पाय असतो."

"म्हणजे?"

"पाय आखूड ना माझे. क्लच दाबायला मला पुढे सरकून बसावं लागतं. जुना गरम पाइप पोटरीला चिकटायचा, चटके बसायचे. बाबांनी मला सीटवर बसवून खडूनं खूण केली होती. तू तेव्हा आत झोपला होतास."

छोट्यानं पाइपवरून अंगठा फिरवला. सबंध वळशात कुठं चेपलं नव्हतं, सुरकुती नव्हती. थरथरत्या हाताला हे जमलं नसतं. वाळू ठासताना बाबा तोंडानं हलकी शीळ घालायचे, ती त्याला एकदम आठवली. सूर एकच, आणि तोही बेसूर.

"काढू ना गं?" त्यानं विचारलं.

"काढ रे. पाइप जपायचा की माझा खांदा?"

मग काढला. नवी होज त्यानं सरळ नेण्यासाठी मापून आणली होती. ती बाजूला ठेवून भेंडोळ्यातली लांब शोधली आणि जुन्या वळणानंच बाहेरून फिरवली. मात्र शेवटचा नट गिअरपेटीच्या मागे अशा सांदीत होता की त्याचा जाडजूड पंजा आत शिरेना. चष्माही तेलानं माखलेला.

"सरक, मी बघते," ताई म्हणाली. "तू बॅटरी धर."

पन्नास वर्षांमागे बाबांच्या कामाला दोघंही असेच आळीपाळीनं बॅटरी धरायचे. ताईनं दुखरा खांदा सांभाळत डावा हात आत घातला. दोन आटे बसले असतील नसतील, तोच ती कडाडली, "अरे, उजेड कामावर पाड! माझ्या डोळ्यांत काय शोधतोयस?"

शब्द बाबांचे, पट्टीही बाबांची. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. मग ताईला असं हसू फुटलं की पाना आतल्या आत पडला आणि तो काढता काढता दोघांच्या नाकी नऊ आले.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा ट्रॅक्टर सुरू केला. लिव्हर ओढताच बकेट अडखळत, धक्के खात वर चढली. सिलिंडरमधली हवा होती ती. खालीवर केल्यावर चाल मऊ झाली. तेलाची पातळी उतरली, तेवढं वर घातलं. छोट्यानं रुबाबात मागच्या लिफ्टचा दांडा ओढला. लिफ्ट ढिम्म. परत ओढला. नुसती घरघर.

"छोट्या, मागचं मारून पुढचं दिलंस होय रे?"

त्याला दरदरून घाम फुटला. वॉल्व्ह, होज, सगळं पुन्हा चाचपलं. घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर त्याच्याबरोबर एक चकचकीत पितळी बूच टणकन खाली पडलं. वॉल्व्हमधून लिफ्टकडे जाणारी आणि तेलाच्या टाकीकडे परतणारी वाट वेगळी करणारं बूच! ते न बसवल्यामुळे तेल लिफ्टकडे जायचं कष्टच घेत नव्हतं, सोप्या वाटेनं गुपचूप टाकीत परतत होतं.

"याच चुकीसाठी मी लोकांची सालटी काढलीयेत," तो पुटपुटला.

"मग मीही काढते," ताई म्हणाली, "पण आधी बसव."

यंत्र बंद करून, दाब सोडून त्यानं बूच बसवलं. या वेळी लिफ्ट उचलली गेली, निवांत, जुन्या सवयीनं. ताई सीटवर चढली, पुढे सरकून बसली आणि बकेट मातीच्या ढिगात घुसवली. भरलेली बकेट वर आली तेव्हा तिनं दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला, जणू त्यालाही दाखवत होती.

तेवढ्यात छोट्याच्या बायकोचा फोन आला.

"झालं का काम? मग निघताय ना?"

ताईनं माती कुंड्यांजवळ ओतली होती आणि दुसरी खेप आणायला वळली होती. कुंड्यांना एवढी पुरेशी होती, हे दोघांनाही दिसत होतं.

"उद्या येतो," तो म्हणाला. "अजून माती राहिलीये." फोन खिशात टाकून तो फावडं शोधायला गेला.