शिंगाला बूड नसतं

मी शिंग बोलतोय. एका काळ्या बैलाचं. आता माझ्यातून वाइन पितात. मला बूड नाही, त्यामुळे भरल्यावर टेबलावर ठेवता येत नाही. प्यावं तरी, नाहीतर हातात धरून उभं राहावं.

कुतैसी शहराजवळच्या गावात ओतियाच्या वडिलांनी मला उकळलं, घासलं, काठाला चांदी बसवली. ओतिया आणि जुमबेर फुटबॉलच्या एकाच संघात निवडले गेले, तेव्हा मला जुमबेरच्या हातात देऊन ते म्हणाले, “गोल माझा पोरगा करील. पण त्याला चेंडू तू देणार ना? मग शिंग तुझं.”

जुमबेर मधल्या फळीत खेळायचा. सामना जिंकला की मी भरायचो, हातोहात फिरायचो.

मग त्याचा शेवटचा सामना आला. हरले तर संघ खालच्या गटात जाणार होता. ओतिया गोलसमोर मोकळा उभा होता, हात वर करून. जुमबेरचा गुडघा संपला होता. जाता जाता एक गोल आपल्या नावावर हवा, असं त्याला वाटलं. त्यानं स्वतःच मारला. चेंडू खांबाबाहेरून गेला आणि ते हरले.

ओतिया दारात येऊन एवढंच म्हणाला, “सगळ्यांना चेंडू वाटलेस. मलाच द्यायचा राहिला.”

पुन्हा तो उंबरा चढला नाही. मी खिळ्याला लटकलो. कोळ्यानं माझ्यात घर केलं.

काल जुमबेरच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. जुमबेरच्या बायकोनं, इझानं, कुणाला न विचारता ओतियाला बोलावलं. तो टोकाला बसला. चीज भरलेल्या खाचापुरीला हातही लावला नाही.

जुमबेर उठला. मला धुऊन, भरून, शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. पुन्हा भरलं.

“जे द्यायचं राहिलं, त्याच्यासाठी. ओतिया, अलावेर्दी.”

म्हणजे आता तू बोल, तू पी. हे नाकारलं की पुन्हा बोलावणं नाही.

ओतियाचे हात मांडीवरच. जुमबेरचा गुडघा थरथरू लागला. वाइन त्याच्या बाहीवर ओघळली.

“बसा हो जरा,” इझा पुटपुटली.

“भरलेलं शिंग घेऊन कसा बसू?”

ओतियानं वर पाहिलं. “लंगड्या, आता देतोस? आता गोल कुठं उरलाय?”

“तू घे तर खरा.”

त्यानं घेतलं. सगळं प्याला. मग स्वतः भरून मला परत जुमबेरपुढे धरलं.

मी आता म्हातारा झालोय, काठाला चीर आहे. एकच मागणं आहे. तो खिळा तेवढा काढून टाका.