मला मळकट राहू द्या

मी स्पंज बोलतोय. भांडी घासायचा नव्हे, माशाच्या टाकीतला. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात पाणी गाळणारा छोटा पंप बुडवलेला असतो, त्याच्या पोटात माझी जागा. माझ्याकडे कुणी कौतुकानं बघत नाही. बघायचं ते माशाकडे.

दुकानात मी पिशवीत बंद होतो, निळा आणि कोरडा. एके दिवशी एक उंच, ताठ बाई आल्या. त्यांनी टाकी, पंप, पांढरी वाळू, गोटे, खाण्याची डबी आणि एक सिक्लिड मासा असं सगळं एकदमच घेतलं. मासा बोटभर, निळसर, रागीट डोळ्यांचा.

"टिकेल ना हो?" त्यांनी विचारलं.

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतला होता. "स्वच्छता ठेवा बाई, काही होत नाही," तो मान वर न करता म्हणाला.

आमचा घात तिथेच झाला. या बाईंनी उभा जन्म इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात काढलेला. सगळी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणते. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. घरात त्या आणि त्यांचा धाकटा, विधुर भाऊ. तो घड्याळं दुरुस्त करतो. त्याला सकाळचा चहा दिला की पुढे दिवसभर बाईंच्या हातांना काम नाही. म्हणून हा मासा.

मासा भारी हट्टी निघाला. त्याला राहायला एक फुटकी कुंडी आडवी ठेवली होती. तिच्या तोंडाशी त्यानं वाळू उकरून ढीग घातला, गोटे ढकलून आपल्या मनासारखे लावले. सिस्टरबाई बाही वर करून ते पुन्हा वॉर्डातल्या खाटांसारखे ओळीत मांडायच्या. तो पुन्हा उधळायचा. "असा पेशंट नव्हता हो पाहिला!" म्हणून त्या हसायच्या. त्याला सकाळ, दुपार, संध्याकाळ खाणं, औषधाच्या वेळा पाळाव्यात तसं. हळूहळू तो त्यांचं बोट ओळखायला लागला. बोट काचेला लागलं की धावत यायचा.

आता माझं काम सांगतो. माशाची घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. ते पचवणारे अगदी सूक्ष्म जीव माझ्या छिद्राछिद्रांत बिऱ्हाड करतात. त्यांचा जम बसायला आठवडेच्या आठवडे लागतात. तो बसला की मी तपकिरी आणि बुळबुळीत दिसतो, आणि मासा सुखानं श्वास घेतो.

सिस्टरबाई मला रोज नळाखाली धरायच्या आणि मूळचा निळा रंग दिसेपर्यंत पिळायच्या. नळाच्या पाण्याला जंतू मारायच्या औषधाचा वास. माझे बिऱ्हाडकरू सामान उतरवतात न उतरवतात तोच मोरीतून वाहून जायचे.

मासा मलूल झाला. रंग काळवंडला, कल्ले लाल झाले. सिस्टरबाई घाबरल्या आणि मला दिवसातून दोनदा धुवायला लागल्या.

"ताई, मासा आहे तो. आयसीयूतला पेशंट नाही," भाऊ म्हणाला.

"तू नको शिकवूस मला. आठवडाभर एकच बनियन घालणारा माणूस तू!"

मग भाचीच्या बाळंतपणासाठी सिस्टरबाई दोन महिने परगावी गेल्या. भावानं मागे काय केलं? काहीही नाही. आठवण झाली की चिमूटभर खाणं टाकायचा. पाणी फारच खाली गेलं की भरायचा. मी नावाची वस्तू जगात आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. पहिले काही आठवडे मासा कसाबसा तगला. मग माझ्यात जीव वसू लागले. मी मळलो, छान मळलो. माशाचा निळा रंग असा उजळला की भाऊसुद्धा हातातलं घड्याळ ठेवून बघत बसायचा.

सिस्टरबाई परतल्या त्या हातातली बॅग खाली न ठेवता टाकीपाशी आल्या. बोट लावलं. मासा बाणासारखा आला. त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी मला बाहेर काढलं.

"अगं बाई! काय नरक करून ठेवलायस हा! यात कसा जगला रे माझा राजा?"

"अगं, पण ठणठणीत आहे ना?"

"नशीब त्याचं!" म्हणत त्यांनी नळ सोडला.

तेव्हापासून मासा पुन्हा उतरणीला लागला. आज सकाळी तो पाण्याच्या वरच्या थराशी येऊन नुसतं तोंड उघडमीट करत होता. भावानं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं आणि चाचरत म्हणाला, "ताई, राग मानू नकोस. तू नव्हतीस ना, तेव्हा तो बरा होता गं."

माझा रोम न् रोम उभा राहिला. आता त्यांना कळेल, आता नक्की कळेल!

सिस्टरबाई आपले तळहात उलटेसुलटे करून बघत राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातांनाच काहीतरी आहे. इस्पितळातून आणलं असेल मी."

"तसं नाही गं म्हटलं मी..."

त्यांनी ऐकलं नाही. ऑपरेशनच्या आधी धुवावेत तसे त्यांनी कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, कातडी लाल होईपर्यंत. मग पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवलं आणि मला त्यात सोडलं.

मी बोलतोय ते या पातेल्यातून. पाणी कोमट झालंय. तळाशी बारीक बुडबुडे धरू लागलेत.

सिस्टरबाई, तुमच्या हातांना काही नाही हो. तुमच्या भावानं जे केलं तेवढंच करा. मला विसरून जा. मळू द्या मला. फारच दाटलो, तर टाकीच्याच पाण्यात हलकेच पिळा आणि परत ठेवा. बाकी तुमची सगळी माया त्याला बोट दाखवण्यात खर्च करा. तेवढं त्याला पुरेल.

पण स्पंजाला तोंड कुठलं? टाकीत मासा वर येऊन पुन्हा तोंड उघडतोय.

"भूक लागली रे बाळा? आले हं," असं म्हणून सिस्टरबाईंनी गॅस मोठा केला आणि खाण्याची डबी हातात घेतली.