ताणावरची तीन झाडं

वडीगोद्रीच्या नंदाबाई माणसाची पारख वाटीवरून करायच्या. कालवण देऊन पाठवलेली वाटी भरून परत आली तर माणूस धड, रिकामी आली तर कंजूस. त्यामुळे मोसंबीच्या झाडातही असं देणंघेणं चालतं, हे भावाची मुलगी, शेतकी कॉलेजात संशोधन करणारी आकांक्षा सांगू लागली तेव्हा त्या निवडायचं सूप बाजूला सारून सरसावून बसल्या.

बहर धरायला थंडीत बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, हे त्यांना नवं नव्हतं. पण आत काय होतं?

"आत्या, साखर बनते पानात. तिला बाहेर पडायला बारीक दारं असतात. पाणी तुटलं की पानातलं एक प्रथिन जागं होतं, दारांना खूण करतं, मग साखर मुळांकडं जास्त जाते. मुळं खोल जाऊन पाणी हुडकतात. दुसऱ्या झाडांत दिसलंय हे, मी मोसंबीत पाहून राह्यले."

"म्हंजी अडचणीत राबणाऱ्याला आधी जेवण. आमच्या घरात उलटं हाये बघ."

नंदाबाईंचे यजमान तातेराव पेपरामागं गेले.

आकांक्षानं नंदाबाईंच्याच बागेतली तीन झाडं ताणावर धरली होती. एका दुपारी तिचा पडेल आवाजात फोन आला. दोन झाडांच्या मुळांत साखर वाढली होती, बांधाजवळच्या तिसऱ्यात नाही. कॉलेजातल्या तिच्या मॅडम म्हणत होत्या, ते झाड वगळ. पण नुसत्या दोन झाडांवर कोण विश्वास ठेवणार? सगळं पुढच्या थंडीत पुन्हा करायचं, म्हणजे वर्ष गेलं.

"कुणीतरी पाणी पाजलं असंल," नंदाबाई म्हणाल्या. "हुडकते मी."

पहिला संशय तातेरावांवर. "तुम्हाला दया आल्ती का झाडाची?"

"मी तुला इचारल्याबिगर स्वतः पाणी पीत न्हाई," ते म्हणाले.

मग बांधापलीकडचे भुजंगराव. "भाऊ, तुमची नळी गळून राह्यली का इकडं?"

"वहिनी, माझ्या नळीचं पाणी माझ्याच झाडाला पुरंना!"

हेही पटण्यासारखं होतं. ज्या घरून वाटी कधी भरून आली नाही, ते घर फुकट पाणी देईल हे हिशोबात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या झाडावर पाळत ठेवायला गेल्या. बसण्याआधी झाडाखालच्या रांजणातलं कालचं पाणी बादलीत काढलं आणि झाडाच्या बुडाशी ओतायला लागल्या. शिळं पाणी प्यायचं नाही, वाया घालवायचं नाही, जवळच्या झाडाला द्यायचं, सासूबाईंपासूनचा रिवाज. बादली अर्धी झाल्यावर त्यांची नजर बुडाशी गेली. आजूबाजूला सगळं कोरडं ठणठणीत, आणि इथं हिरवंगार गवत.

हात तसाच थांबला. रांजण हलवला, गवत उपटलं, की संपलं. कुणाला कळणार होतं? पण पोरगी लिहून मोकळी होईल की ताण देऊनही त्या झाडात काही झालं नाही. त्यांनी फोन लावला.

"पाणी पाजणारं सापडलं. घरातलंच निघालं. तुझ्या मामाला उगं बोलले."

रांजणाचं ऐकून आकांक्षानं विचारलं, "आत्या, रोज एकाच बाजूला ओततेस?"

"रांजणाच्या बाजूला. पलीकडं नुसती ढेकळं."

"अगं, मी मुळंही तिथलीच काढली! माती मऊ लागली म्हणून. हात लावू नको काही, मी आलेच."

तिनं दोन्ही बाजूंची मुळं उकरून नेली. पुढचा फोन आला तो ओरडतच. कोरड्या बाजूच्या मुळांत साखर बाकीच्या दोन झाडांइतकीच होती, ओल्या बाजूला कमी. मॅडमनी झाड ठेवलं होतं.

"एकाच झाडात दोन वाटण्या?" नंदाबाई म्हणाल्या. "पण पान इतक्या वर. कोणत्या बाजूचं मूळ उपाशी, हे त्याला सांगतं कोण?"

"ते मलाही न्हाई कळलं, आत्या."

"मंग जल्दी ये. मी मोजून पाणी ओतते, तू मुळं बघ."