मागे वाजणारं बदक

"मागचं ते बदक काढून टाकू या," असं कानसेनने तिला स्वच्छ सांगितलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं.

कानसेन म्हणजे ती जिथे बातम्या लिहायची त्या ऑफिसात रेकॉर्डिंग साफसूफ करणारा गृहस्थ. त्याचं खरं नाव पगार काढणाऱ्यालाच काय ते ठाऊक. त्यांची बातम्यांची साइट लहानशी. बातमी लिहायची आणि जोडीला माणसांचे आवाज ऐकवायचे. त्या दिवशी एका बाईचा आवाज ओळखू येणार नाही इतका जाड, घोगरा करून त्याने हेडफोन मानेवर उतरवला.

"बाईचा बाप्या करून दिला बघ. पण मागे बदक तसंच गातंय."

"गाऊ दे की. त्यानेच तर जीव येतोय. लहान मुलांची बातमी आणि मागे मुलाचं खेळणं. तू नुसते कान घेऊन येतोस, कधी काळीजही आणत जा ऑफिसात."

"ते घरी बायकोच्या ताब्यात असतं," तो म्हणाला. "बघ बाई. तुझी बातमी." आणि त्याने बातमी सोडायचं बटण दाबलं.

बातमी एका पाळणाघराची होती. दुपारी मुलांनी रडू नये म्हणून तिथे दुधातून झोपेचं औषध देत होते. हे सांगणारी तिथेच कामाला होती. वयाने बातमी लिहिणाऱ्या हिच्याच बरोबरीची, पण पाळणाघरातली मुलं मावशी म्हणायची म्हणून हीही मावशीच म्हणू लागली. मावशी एका भाड्याच्या खोलीत लहान मुलीला घेऊन एकटीच राहायची. तिथेच, ओट्याला टेकून, ती बोलली होती. मुलगी जमिनीवर पिवळ्या बदकाशी खेळत होती. पोट दाबलं की बदक गायला लागायचं, ठरावीक जागी गचका खाऊन अडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

"नाव नको, फोटो नको, आवाजही माझा नको," मावशी म्हणाली होती. "पाळणाघराच्या मालकीणबाई वरून गोड आहेत, पण त्यांची माणसं वाईट. मला पोर आहे हो. तुम्हालाही आहे ना?"

"आहे. आत्ताच चालायला लागलीय."

"मग तुम्हाला काय सांगायचं."

हिने शब्द दिला. नाव गाळलं, फोटो काढलाच नाही, आवाज बदलला. दिलेला शब्द अगदी काटेकोर पाळलाय, अशा समाधानात ती होती.

बातमी गाजली. पाळणाघराला टाळं लागलं, चौकशी बसली. कुणाकुणाच्या आया फोनवर रडल्या. संपादकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. रोज संध्याकाळी आपल्या लेकीला दुसऱ्याच एका पाळणाघरातून घेताना ही आधी तिचं तोंड हुंगून बघायची, औषधाचा वास येतो का म्हणून. त्या दिवशी आनंदाच्या भरात तेही विसरली.

मग मालकीणबाईंचा ऑफिसात फोन आला.

"ऐकली हो तुमची बातमी."

"तुमचं काही म्हणणं असेल तर आम्ही तुमचीही बाजू..."

"छे छे, बाजू कसली. मी आपलं बदकाचं ऐकलं म्हणून फोन केला. अजून वाजतं म्हणजे ते. आमच्याकडेच बिघडलं होतं, टाकायचं कशाला म्हणून मीच दिलं होतं तिच्या मुलीला." आवाज सायीसारखा मऊ. "बरं, ठेवते हं."

तिने मावशीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. तशीच पर्स उचलून ती मावशीच्या खोलीवर गेली, तर दाराला कुलूप. शेजारीण गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"गेली की ती. टेम्पो आला होता."

"कुठे गेली?"

"भावाकडे म्हणे. का बहिणीकडे. मी कशाला खोदून विचारू?"

"एकटीच होती?"

"दोन माणसं होती सामान उचलायला. ओळखीचीच असणार. नाहीतर पोरगी तशी गप्प राहिली असती का? एरवी नुसती चिवचिव. त्या दिवशी खांद्यावर मान टाकून जी झोपली होती, एवढी आदळआपट झाली तरी हूं नाही की चूं नाही." बोलता बोलता शेजारणीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मग तिने तो घाईघाईने चादरीला लावला.

खिडकीच्या कठड्यावर बदक होतं. पोटाचं झाकण उघडं, आतले सेल काढलेले. मावशीनेच ते गप्प केलं की आणखी कुणी, हे त्या रिकाम्या पोटाकडे बघून कळण्यासारखं नव्हतं. तिच्याने त्याला हात लाववला नाही. ती जिना उतरू लागली आणि अर्ध्यावर तिला मागून गाणं ऐकू आलं. गचक्यापर्यंत आलं, अडलं. ती कठडा धरून उभी राहिली. वर चादर झटकल्याचा आवाज, बाकी काही नाही.

पोलिसांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणीही दिलं. "मोठी बाई आहे, बाडबिस्तरा घेऊन गेलीय. हरवली कशी म्हणायची? नात्यातलं कुणी तक्रार देतंय का? तुम्ही कोण त्यांच्या?"

तिने मावशीचा नंबर लिहून दिला. माहिती घेऊन ठेवतो, एवढं ते म्हणाले.

त्यानंतर ती ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकायची. ऑफिसात, घरी, कुकर लावताना. मावशीने बोलता बोलता कुठल्या गावाचं, कुठल्या नातेवाइकाचं नाव घेतलंय का, हे शोधायचं निमित्त. सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा पेपर घेऊन लवंडला होता आणि लेक स्वयंपाकघरात डब्यांची उतरंड रचत होती. मध्येच ती गुणगुणायला लागली. तेच गाणं. गचक्याच्या जागेपर्यंत आली, थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून.

"ही हे कुठे शिकली?"

"कुठे म्हणजे? तू सारखी तेच तर लावून बसतेस," नवरा पेपराआडून म्हणाला. "मलासुद्धा पाठ झालंय. फक्त पुढचं येत नाही."

"पुढचं नाहीच आहे," ती म्हणाली, आणि लेकीला उचलून तिने तिचं तोंड हुंगलं. नुसता बिस्किटाचा वास. तरी पुन्हा एकदा हुंगलं.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी तोडगा काढला. "आपल्याकडे तिचा मूळ आवाज आहे ना? तोच लावू. 'या बाईंना कुणी पाहिलंय का?' अख्खं शहर शोधायला लागेल."

कानसेनने मूळ रेकॉर्डिंग काढलं. घोगरा बाप्या गेला आणि मावशी आली, बारीक आवाजाची, थोडी धापा टाकत बोलणारी. 'मला पोर आहे हो.' मागे बदक.

"आणि ती आपणहून गेली असेल तर?" ती म्हणाली. "लपली असेल तर? आपणच तिला शोधून त्यांच्या हवाली करायची?"

"आणि तिला नेलं असेल तर?" संपादक म्हणाले. त्यांच्या आवाजात बातमीची हाव नव्हती, काळजीच होती, आणि म्हणून ते जास्त जड गेलं.

कानसेनचं बोट बटणाच्या जवळ होतं.

"आवाज माझा नको, असं ती म्हणाली होती," ती शेवटी म्हणाली. "तिचं माझ्याकडे आता हे एवढं सांगणंच उरलंय."

कानसेनने बोट मागे घेतलं. "बदक काढू या म्हणून मी सांगितलं खरं," तो हळूच म्हणाला, "पण बटण मीच दाबलं की."

"मग करणार काय?" संपादकांनी विचारलं.

"लिहिते. लिहिलेल्याच्या मागे काही वाजत नाही."

ती लिहायला बसली. 'तुमच्या शेजारी नवीन राहायला आलेली बाई' असं लिहिलं आणि खोडलं. नवीन म्हटलं की त्या माणसांनाही माग लागणार. 'सोबत लहान मुलगी' खोडलं. वय खोडलं, काम खोडलं. एकेक खूण पुसता पुसता मावशी त्या मजकुरातून पार नाहीशी झाली. मागे उरली ती कुठलीही बाई. तिने ते तसंच राहू दिलं आणि पुढे लिहिलं:

'ती कोण, कशी दिसते, हे आम्ही सांगणार नाही. पण भिंतीपलीकडून जिचा आवाज हल्ली येईनासा झालाय, जिचं दार बरेच दिवस उघडं दिसलेलं नाही, अशी एखादी तुमच्याही ओळखीत असेल. हे वाचताना जी डोळ्यांपुढे आली, तिच्याकडे आजच जा. साखर मागा, किल्ली ठेवायला द्या, काहीही निमित्त काढा. बरी आहे म्हणाली तरी लगेच पाठ फिरवू नका; जरा वेळ उंबऱ्यावर उभं राहा. बरी नसेल तर तिला एकटी सोडू नका. आणि बरी असेल तर ती कुठे आहे ते कुणाला सांगू नका. आम्हालासुद्धा.'