शेपटीचा एक केस

लिब्रादो म्हणजे माझ्या तोमासाअक्काचा नवरा, आमचे दाजी. सेनिसा घोडीच्या तोंडात लोखंडी लगाम घालायला त्यांनी चार वर्षं घेतली. तोवर तिच्या नाकावर फक्त चामड्याच्या वेणीचा पट्टा. आम्ही ज्याची गुरं राखतो आणि घोडी घडवतो, त्या मालकाचा मुलगा वैतागायचा. त्याच्या ओळखीचे नवे लोक महिन्याभरात घोडं तयार करत. तसली घोडी मीही पाहिली होती. थांबवायची म्हणजे लगामाला लोंबकळायचं. पण आमचं ऐकतो कोण? आमचे आजोबा कॅलिफोर्नियाच्या या टेकड्यांत गुरं वळत होते, तेव्हा मालकाच्या आजोबांना घोड्यावर कुठल्या बाजूने चढायचं तेही ठाऊक नव्हतं. शिकवलं आम्हीच. आता खोगीर, दोर, टोपी सगळं त्यांचं झालं आणि आम्ही नुसते मेक्सिकन गडी. पूर्वी याचा राग यायचा. आता कंटाळा येतो.

सहाव्या वर्षी घोडी तयार झाली आणि मालकाने सांगितलं, रविवारी शहरातून क्रेनसाहेब येणार. केसाची परीक्षा पार पडली तर घोडी त्यांची. लगामाची वादी तोंडातल्या लोखंडाला बांधायची ती घोडीच्याच शेपटीच्या एका केसाने. मग भरधाव सोडायचं, जागच्या जागी थांबवायचं, दोन्हीकडे गरकन फिरवायचं. केस तुटला तर घोडी कच्ची. गेल्या वर्षी गुरांच्या डागणीला दाजींनीच दुसऱ्या एका घोड्यावर मालकाला हा खेळ करून दाखवला होता.

"हात दाखवून अवलक्षण!" अक्का ताटात घेवड्याची उसळ वाढत म्हणाली. "कुणी सांगितलं होतं?"

क्रेनने आमच्याकडून आधी एक काळा घोडा नेला होता. पुढच्या वर्षी तो बाजारात दिसला. लगाम ओढून ओढून जीभ मधोमध चिरलेली. दाजींनी प्रेमाने तोंडाकडे हात नेला, तसा तो थरथरत मागे सरकला. त्या दिवशी दाजी घरी येऊन जेवले नाहीत.

"मग केस तोडा की, दाजी," मी म्हणालो. "एक झटका. क्रेन हसेल आणि जाईल. घोडी राहील तुमच्यापाशी."

"आणि सगळं खोरं म्हणेल, सहा वर्षांत म्हाताऱ्याला एक घोडी वळवता आली नाही," अक्का म्हणाली.

"म्हणू दे," दाजी म्हणाले. "नाव काय चाटायचंय? विक्रीच्या कागदावर घोडी घडवणारा म्हणून तसंही मालकाच्या पोराचंच लागतं."

"मेला आयत्या बिळावरचा नागोबा!" अक्का फणकारली.

"तोडतो मी," दाजी म्हणाले. आमच्यात हे म्हणजे स्वतःच्या हाताने तोंडाला काळं फासणं. पण त्यांनी ठरवलं होतं.

रविवारी कुंपणावर सगळे गुराखी ओळीने बसले. दाजींनी केस बांधला, घोडी सोडली. मी श्वास रोखून केस तुटायची वाट पाहत होतो. घोडी मागच्या पायांवर बसकण घेत थांबली, धुळीत दोन रेघा उठल्या. केस शाबूत. डावीकडे फिरली, उजवीकडे फिरली. शाबूत. दाजींनी दुसरी फेरी घेतली. मग तिसरी, जी कुणी मागितलीच नव्हती. मी मनात म्हटलं, आता तोडतील. त्यांनी हात जरासा उचलला आणि वादी ताणली जायच्या आत घोडी थांबली.

क्रेनने टोपी काढली. कुंपणावरच्या सगळ्यांनी काढली. आणि मी, लाज वाटते सांगायला, आनंदाने ओरडलो.

मग क्रेनने आपला जाड लगाम घातला आणि बघू या म्हणून एक हिसका दिला. सेनिसाचं तोंड आभाळाकडे गेलं. तिला ट्रकमध्ये चढवलं. मालकाचा मुलगा क्रेनला सांगत होता, फार मेहनत घेतली हो हिच्यावर.

खोगिरांच्या खोलीत दाजी रिकामा लगाम पुसत बसले होते. माझं डोकं फिरलं.

"शेवटी नावच प्यारं झालं ना?"

"तीन फेऱ्या घातल्या, नासारियो," ते म्हणाले. "तिन्ही वेळा स्वतःला म्हटलं, ओढ. हात ऐकेचना रे. तिला शिकवता शिकवता ओढणंच विसरलाय तो."

त्यांनी लगाम खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "तुला चढवायला हवं होतं. तुझा हात जड आहे."

आमच्यात ही शिवी. पण मला राग आला नाही. मी चढतो, असं मला स्वतःहून म्हणता आलं असतं. म्हणालो नाही, कारण तो केस टिकलेला मलाही पाहायचा होता.