जगाचं अकोला

आमच्या ह्यांनी हवालदारकीची अख्खी नोकरी अमरावतीत काढली, आणि त्यातली बरीचशी तडीपारांना एसटीत बसवून देण्यात. जिल्ह्याबाहेर हाकललेला माणूस जाणार कुठे? इथला अकोल्याला जातो, तिथला इथे येतो. एकदा अकोल्यात लग्नाच्या पंगतीत ह्यांनीच हद्दीबाहेर सोडलेला एक जण आग्रह करकरून ह्यांना जिलेबी वाढायला आला. तेव्हापासून ह्यांचा तडीपारीवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

म्हणून टीव्हीवरच्या त्या ओरडणाऱ्या माणसाने लंडनला 'लंडनिस्तान' म्हटलं आणि देशोदेशींचे हाकललेले माथेफिरू पुढारी तिथेच जाऊन बसतात असं सांगितलं, तेव्हा आमचे हे, म्हणजे रामराव, ताटावरून उठले.

"जमुना, लंडन म्हंजे जगाचं अकोला हाय," म्हणाले. "आन् आपण पोरीले तिथंच धाडून राहिलो."

पौर्णिमाला तिथल्या विद्यापीठात जागा मिळाली होती, तिकीटही आलं होतं. ती हसली. "बाबा, हे नाव तिथं घेतलं तर लोक चिडतात. चार माणसांपायी साऱ्या शहराले काहून नाव ठेवता?"

पोरगी गेली, भीती मात्र घरी ठेवून गेली. रोज संध्याकाळी आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून ती पोटभर वाढवत होतो. लंडनमध्ये कुठे कोणी चाकू काढला की माझ्या हातातली पोळी तव्यावरच करपायची.

एवढ्या धाकधुकीत आधार वाटायचा तो गच्चीवरच्या खोलीतल्या चंदनभाऊंचा. अकोल्याकडचे, पस्तिशीचे, एकटे. सकाळी कपाळाला गंध लावून खाली यायचे, मला काकू म्हणायचे, न सांगता सिलिंडर उचलून आत ठेवायचे. भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या म्हणून ह्यांनी जन्मभर लोकांना दटावलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा म्हणाले, "आपलाच मानूस हाय, कायले पायजे चौकशी?"

गेल्या आठवड्यात पौर्णिमाला ताप आला. तिच्याच खोलीत राहणाऱ्या सनाने खिचडी करून घातली, रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या. सना कराचीची. मी मनातल्या मनात त्या पोरीची दृष्ट काढली. ह्यांचा मात्र चेहरा पांढरा पडला. तसेच उठले आणि गच्चीवर गेले.

चंदनभाऊ त्यांच्यासोबतच खाली आले. "काका, भेऊ नका. आपले लोक तिथंबी हायेत. लक्ष ठेवतीन पोरीवर." मग सहज विचारावं तसं म्हणाले, "त्या दुसरीचं नाव काय म्हनलं?"

ह्यांनी नाव सांगितलं, खोलीचा पत्ता सांगितला. दोनदा सांगितला, चुकू नये म्हणून. मी चहा केला, आणि कित्येक दिवसांनी त्या रात्री आम्हाला झोप लागली.

आज दुपारी गोपाल आला. पूर्वी ह्यांच्या हाताखाली होता, आता ठाण्यात जमादार आहे. दारातच उभा राहिला.

"साहेब, वर चंदन राह्यते ना? अकोल्याचा तडीपार हाय तो. कुठं हाय, काय करते, पाहाले आलो."

रामरावांनी भिंतीला हात टेकला. "कायच्यासाठी तडीपार?"

"भाषणं करते. तिकडच्या एका गावात त्याच्या भाषणानंतर त्याच्या दलाच्या पोरायनं घरं पेटवली. एक म्हातारी जळाली." गोपालने आवाज खाली आणला. "याचं काम पद्धतशीर असते. कोन कुठं राह्यते, नावं-पत्ते आधी गोळा करते. मंग माणसं धाडते."

"मंग नेत काहून नाही त्याले?" मी विचारलं.

"काकू, बंदी अकोल्याची हाय. अमरावतीत राहू शकते तो."

गोपाल वर जाऊन आला आणि गाडीला किक मारून निघूनही गेला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमचा गच्चीवर भाड्याने राहत होता. रामराव पौर्णिमाला फोन लावत होते आणि ती उचलत नव्हती. तिसऱ्यांदा लावला, चौथ्यांदा लावला. शेवटी फोन मी घेतला. तेवढ्यात तिचाच आला.

"आई, अंघोळीले गेली होती. अवो, बाबांच्या ओळखीचे दोघं खाली आलेत. चंदनभाऊचं नाव सांगून राहिले."

"तू वरच हाय ना?"

"हो. मले नाही बोलावलं त्यायनं, सनाले विचारून राहिले. तिच्यासाठी काई आणलं म्हणे. सना दार उघडाले गेली."

"तिले अडव," मी म्हटलं. "पौर्णिमा, धावत जा. दार उघडू देऊ नको."

"काहून? आपलेच लोक हायेत ना, आई?"

रामराव खाली मान घालून बसले होते. चंदनभाऊ जिना उतरून आले, रोजच्यासारखा रिकामा कप त्यांनी ओट्यावर ठेवला आणि माझ्या हातातल्या फोनकडे पाहून हसून विचारलं, "पोचले का ते, काकू?"